आठव्या दिवशी येणारा माणूस

माणूस भेटला की ते आधी त्याचा दंड बघायचे, मग तोंड.

ही सवय त्यांना नोकरीनं लावलेली. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत त्यांनी तीसेक वर्षं देवीची लस टोचली. गावोगावचे लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते, आणि पाच वेळा नमाज पढणारे मुसलमान होते. पण नाव पडलं ते पडलं. मी त्यांना चाचा म्हणायची.

मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बायको वारलेली, मुली शिरूरला सासरी. दौंडला आमच्या गल्लीच्या टोकाला एक खोली घेऊन ते एकटे राहत. निवृत्तीचा त्यांच्यावर काही परिणाम झाला असावा असं मला कधी वाटलं नाही. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला ते सायकलवरून जात, आणि ते दिसले की भाजीवाल्या बायका न सांगता चोळीची बाही वर करत. कासुर्डीला एकदा लग्नाची वरात अडवून त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवाचा दंड धरला होता म्हणे. नवरदेवाचे मामा चिडले, तर हे म्हणाले, "लगीन लावा की, मी कुठं न्हाई म्हनतो. पर हा धा-बारा वर्सांचा असताना शाळंच्या खिडकीतनं उडी मारून पळाला हुता. तवापासून हुडकतोय मी ह्याला." नवरदेवानं घोड्यावर बसूनच टोचून घेतलं, आणि वरात पुढं गेली.

त्यांचा डावा हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला नजर कुठे वळवावी कळेना. मनगटापासून खांद्यापर्यंत बारीक पांढऱ्या गोल खुणा, एकमेकींना चिकटून. लस टोचायचं ते हत्यार म्हणजे काठाला दाते असलेली लहानशी चकती. कातडीवर टेकवायची आणि फिरवायची. गावानं नकार दिला की चाचा वाद घालत नसत. चावडीसमोर उकिडवे बसत, बाही सारत आणि स्वतःच्या हातावर चकती फिरवत. मग तिथेच बसून राहत. दिवस मावळायच्या आत कुणीतरी बाई लेकरू घेऊन येतच असे.

"हे खुटबाव," ते खुणेवर बोट ठेवून सांगायचे. "हे यवतच्या अलीकडचं. हितं तर दोनदा. पाटीलच आडवा झाला हुता."

"दर वेळी देवी उठायच्या?" मी विचारलं.

"न्हाई ओ ताई. एकदा उठल्या त्या उठल्या. नुसताच ओरखडा हा. पर त्यांना कुठं ठावं?"

त्यांचं सगळं शास्त्र एका गोष्टीत होतं. लस टोचली की काम संपत नाही. आठव्या दिवशी परत जाऊन बघायचं, फोड आला का. आला तर देवी उठल्या. नाही तर पुन्हा टोचायचं. नोकरीत काही जण आठव्या दिवशी न जाताच वहीत 'उठल्या' असं लिहीत. चाचांनी तसं कधी केलं नाही. हळूहळू हा नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला. शेजारणीनं नव्या सुनेचं कौतुक केलं की ते म्हणत, "आठव्या दिशी सांगा." नवीन कलेक्टरसाहेब फार चांगले आहेत असं माझे वडील म्हणाले, तेव्हाही तेच. माझे वडील रेल्वेत गार्ड होते आणि त्यांना चाचांचं बोलणं तऱ्हेवाईक वाटे. मला वाटत नसे. मी शाळेत इंग्रजीत आणि घरी मराठीत गप्प बसणारी मुलगी होते. कुणीतरी पहिल्या भेटीवर विश्वास ठेवत नाही, हे मला फार सोयीचं वाटायचं.

पुण्याच्या एका संस्थेचे साहेब दौंडला आले ते साठ साल उजाडायच्या थोडं आधी. त्यांना बाहेरून येऊन इथे राहिलेल्या दोन वस्त्यांची तुलना करायची होती. कुणाची आर्थिक स्थिती काय, सामाजिक स्थिती काय. एक वस्ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची, रेल्वे यार्डापलीकडच्या जुन्या बराकींमध्ये. दुसरी तेलुगू बोलणाऱ्या मजुरांची. ही माणसं तेलंगणातल्या पालमूरकडून मातीकामाला आली आणि काम संपल्यावर इथेच ओढ्याकाठी झोपड्या घालून राहिली. जी वस्ती मागे पडलेली दिसेल तिथे संस्था दोन खोल्यांचा बायकांचा दवाखाना बांधून देणार होती आणि एक नर्स ठेवणार होती. दोन्हीकडे देण्याइतकी ऐपत नव्हती. साहेबांनी ते दोन्ही वस्त्यांत जाऊन स्पष्ट सांगितलं. ते तरुण आणि सरळ होते.

वस्त्या ओळखणारा माणूस म्हणून त्यांनी चाचांना घेतलं आणि इंग्रजी फॉर्म भरायला मला. फॉर्मवर छापील रकाने होते. किती माणसं, किती कमावती, कॉट आहे का, घड्याळ, सायकल, काचसामान, जनावरं. प्रत्येक वस्तूला गुण. चाचांनी तो फॉर्म उलटा-सुलटा करून बघितला आणि मला विचारलं, "ह्यात आजारी पडल्यावर काय, त्ये कुठं हाय?"

"तसा रकाना नाही."

"मग मागच्या बाजूला लिवा. घरात कुनाला तडकाफडकी ताप भरला, तर पयलं दार कुनाचं वाजवाल?"

हा प्रश्न त्यांनी प्रत्येक घरात शेवटी विचारला. मी तो फॉर्मच्या पाठीवर लिहीत गेले.

पहिल्या रविवारी आम्ही बराकींत गेलो. एका ओळीत बारा घरं. पुरुष रेल्वेत गोळ्या-बिस्किटं विकायचे, आठवडी बाजारांत कापड घेऊन जायचे. एकाचं स्टेशनाजवळ छोटं दुकान उभं राहिलं होतं. बायका घरी पापड लाटत. पहिल्या घरात आम्हाला कॉटवर बसवलं, पितळी तबकात भाजलेला पापड आला, आणि निळी रेघ असलेल्या काचेच्या ग्लासांत पाणी. पाहुणा दारात आला की पापड आणि पाणी, ही त्यांची रीतच. कोनाड्यात गजराचं घड्याळ टिकटिकत होतं. मी कॉट, घड्याळ, काचसामान असं लिहिलं.

दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या घरात मला मिळालेल्या ग्लासाची कड थोडी उडालेली होती. मी दुसऱ्या बाजूनं पाणी प्यायले. पाचव्या घरात पुन्हा तीच उडालेली कड माझ्या ओठाला लागली. मी नकळत कोनाड्याकडे पाहिलं. बाहेर दुपार कलली होती आणि घड्याळात साडेसात वाजले होते. आधीच्या घरातही ते असंच तीन-चार तास पुढे होतं. मागच्या दारात बांगड्यांचा आवाज झाला, कुणीतरी भराभर पुढच्या घराकडे गेलं.

मी चाचांकडे पाहिलं नाही. ते पापड मोडून खात होते आणि घरातल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करत होते. मी मुकाट्यानं लिहिलं: काचसामान, घड्याळ.

शेवटचं घर अम्माचं. वस्तीतली ती सगळ्यांत मोठी. चाचांना ती भाई म्हणायची. चाचा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बाहेर गेले तेव्हा तिनं मला या 'भाई'चं कारण सांगितलं. सिंधहून ते सगळे नुकतेच आले होते, बराकींत देवीची भीती पसरली होती, आणि टोचायला आला तो एक मुसलमान.

"मैंने कहा, मुसलमान मेरे बच्चे को हाथ नहीं लगाएगा," अम्मा म्हणाली. "मैं क्या-क्या बोली, तुझे बता नहीं सकती. उसने कुछ नहीं कहा. बाही ऊपर की, अपने को ही टोचा, और उधर नीम के नीचे बैठ गया. धूप में. पानी भी नहीं मांगा. शाम को मैं खुद पोता लेके गई."

"मग आठव्या दिवशी परत आले?"

"आया ना. उस दिन पापड़ दिया, पानी दिया. और क्या था मेरे पास."

चाचा आत आले आणि त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. आधीच्या अकरा घरांत या प्रश्नावर माणसं घोटाळली होती. कुणी म्हणालं स्टेशनावरच्या हमालाला उठवू, कुणी म्हणालं तुम्हालाच बोलावू. अम्मानं कोपऱ्याकडे पाहिलं. तिची थोरली सून वर्षापूर्वी बाळंतपणात गेली होती. धाकटी कोपऱ्यात पापडाचं पीठ मळत होती. तिला सहावा महिना लागला होता.

"पिछले साल सबके दरवाजे खटखटाए, भाई," अम्मा म्हणाली. "सब आए. पर किसी को कुछ आता नहीं था."

मी ते जसंच्या तसं लिहिलं.

त्याच संध्याकाळी ओढ्याकाठच्या झोपड्यांत फिरलो. तरट आणि पत्रे, आत चूल आणि गाडगी. सायकल नाही, कॉट नाही, जनावर एकही नाही. ओळीनं सगळे रकाने रिकामे. पण दार कुणाचं वाजवाल, हे विचारलं की प्रत्येक जण न थांबता एकाच झोपडीकडे बोट दाखवी. तिथे त्यांची सुईण राहायची, तोंडात एकही दात नसलेली, सतत हसणारी म्हातारी. तिच्या हाताखाली दोन बायका तयार झालेल्या. तिला चाचांनी विचारलं, "नर्स आली तर बरं व्हईल का?"

"येऊ दे की," ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "शिकवीन मी तिला."

फॉर्म पूर्ण झाले. मी गुणांची बेरीज करू लागले तेव्हा चाचांनी कागदांवर तळवा ठेवला. "आठ दीस हायत अजून."

पुढच्या रविवारी त्यांनी कुणालाही न कळवता उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी ओढा. झोपड्यांमधून शेळ्याच शेळ्या फिरत होत्या, दोन करडं तर माझ्या पायांत आली. एका झोपडीसमोर तांब्याचे दोन मोठे हंडे वाळत घातले होते. आम्हाला पाहून बायका एकमेकींच्या पाठीमागे लपून हसायला लागल्या. सुईण म्हातारी मात्र समोर आली.

"डॉक्टर, आज का आला तू? आज आमी गरीब न्हाई."

चाचाही हसले. "बरं झालं सांगितलंस. पाणी कुठनं आणता गं?"

ती हसायची थांबली. ओढा फाल्गुनात आटतो, मग अर्धा कोस. चाचा मला म्हणाले, "ताई, हे बी मागं लिवा. ह्यास्नी नर्स नगं, पाणी पायजे."

तिथून आम्ही बराकींच्या मागच्या बाजूनं अम्माच्या दारात उभे राहिलो. आत कॉट नव्हती. कोनाडा रिकामा होता. धाकटी सून जमिनीवर गोधडीवर पडली होती. अम्मानं आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. ती उठली, पापड भाजला, वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवला. मग कोपऱ्यातून अॅल्युमिनियमचा एक मग उचलला. पोचे पडून त्याचा आकार गेला होता आणि कान तुटला होता. तो हातात धरून ती उभीच राहिली.

चाचांनी पुढे होऊन तिच्या हातातून तो घेतला आणि पाणी पिऊन टाकलं. "अम्मा, मिरी जरा कमी पडली हाय पापडात," ते म्हणाले. "मागच्या टायमाला झ्याक हुता."

"तेरी जीभ बूढी हो गई है," अम्मा म्हणाली. तिचा आवाज जागेवर आला होता.

बाकीच्या घरांत ते गेलेच नाहीत. बाहेर आल्यावर मी पेन उघडलं, तर म्हणाले, "आज हितलं काय बी लिवायचं न्हाई."

यार्डातल्या रुळांच्या कडेनं आम्ही परत निघालो. त्या दिवशी मी त्यांना आपण होऊन प्रश्न विचारला, हे माझ्या बाबतीत फारच झालं. "त्यांना नर्स हवी आहे ना? साहेबांनी सांगितलं होतं की ज्यांचं कमी, त्यांना मिळेल. मग ग्लास कशाला फिरवले?"

"पायजे तर हायच. सुनंचं पोट दिसलं की तुमाला." ते थोडे थांबले. "पर पावण्याला तुटक्या मगात पानी देऊन न्हाई पायजे."

"पण फॉर्मप्रमाणे नर्स ओढ्याला जाईल. तिकडे सुईण आहे, इकडे कुणीच नाही. अम्माच्या सुनेचं काय?"

"त्येच बगतोय."

"साहेबांना खरं सांगू या."

"काय सांगता? बाया मागच्या दारानं ग्लास पळवत हुत्या म्हनून? ते कागदावर येनार. कागद पुण्याला जानार, कोन कोन वाचनार. आन् ओढ्यावरच्यांनी शेरडं दडवली, त्ये बी येनार." त्यांनी मान हलवली. "ह्यांनी हाय ते दडवलं, त्यांनी न्हाई ते दाखवलं. दोगं बी चोर न्हाईत. तसं लिवायला तुमच्या त्या कागदात जागा न्हाई."

माझ्या काखेत दोन्ही वस्त्या बांधलेल्या होत्या, आणि त्यातल्या छापील बाजूला लिहिलेलं सगळं मी डोळ्यांनी पाहून, नीट अक्षरात, चुकीचं लिहिलं होतं.

साहेब चार दिवसांनी आले. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी बेरजा पाहिल्या. बराकी पुढे, झोपड्या मागे, फरक मोठा. "हे तर उघड आहे," ते म्हणाले. "नर्स ओढ्याकाठी."

चाचा खुर्चीवर कधीच बसत नसत. पायरीवर उकिडवे बसले होते, तिथूनच म्हणाले, "सायेब, ते गलास माझे हायत."

"कुठले ग्लास?"

"बारा घरांत लिवलेत ते. सहाच हायत. माझ्या घरचे. मीच संगं न्यायचो. आमी पावणे जानार, बायांची पंचाईत नगं."

साहेबांनी कागद खाली ठेवला. "आणि घड्याळ?"

"ते बी माजंच."

"कॉट?"

साठीचा माणूस सायकलवरून कॉट नेत असेल, हे सांगणं चाचांनाही जमेना. "कॉट त्यांची. पर एकच हाय," ते म्हणाले. "मीच उचलाया लावायचो. गुडघं दुखत्यात, खाली बसवत न्हाई." आणि हे त्यांनी उकिडवं बसून सांगितलं.

साहेब त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"आन् वढ्यावर शेरडं हायत," चाचांनी पुढे रेटलं. "चरायला गेली हुती, मी मोजायची ठिवली. तुमी मला कामाला लावलं, आन् मी हे ताईंना लिवू नका म्हनून सांगायचं इसरलो. चूक माजी."

ज्या माणसानं तीस वर्षांत वहीत एकही खोटी नोंद केली नाही, तो आमच्या पायरीवर बसून एकामागून एक खोटं बोलत होता. त्याचा चेहरा लस टोचताना असायचा तसाच होता. असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही प्रत्येक घरात होतात. सगळीकडे तेच ग्लास होते?"

वडील दारात येऊन उभे होते. मी म्हणाले, "एका ग्लासाची कड उडालेली आहे. तो नेहमी माझ्याकडे यायचा. तिसऱ्या घरात, पाचव्या घरात, शेवटच्या घरातही. घड्याळही तेच होतं. सगळीकडे तितकंच चुकलेलं." मग मी फॉर्म उलटे केले. "आणि तुम्ही मागची बाजू वाचलेली नाही."

ते वाचू लागले. बारा घरांची बारा उत्तरं, मग ओढ्याकाठचं एकच उत्तर, पुन्हा पुन्हा. अम्माचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं असावं. त्यांचं बोट तिथेच थांबलं होतं. साहेब हुशार होते. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मी सांगू शकत नाही. एवढं खरं, की त्यांनी बराकींतल्या घरांत जाऊन काही विचारलं नाही. चाचांना मात्र ते कोरडेपणानं म्हणाले, "तुमच्यावर भरवसा ठेवून मी चूक केली."

"व्हय सायेब," चाचा म्हणाले.

दवाखान्याच्या दोन खोल्या बराकींच्या टोकाला, कडुनिंबापाशी उभ्या राहिल्या. नर्स केरळकडची होती. छप्पर चढायच्या आधीच ती आली आणि अम्माच्या घरात राहिली, त्यामुळे अम्माच्या सुनेला वेळेवर हात मिळाला. मुलगी झाली. ओढ्यावरच्या पाण्याबद्दल साहेबांनी पुण्याला लिहिलं होतं. मी दौंड सोडेपर्यंत तरी त्याचं काही झालं नव्हतं.

वर्षभरानं छापील अहवालाची एक प्रत माझ्या नावानं पोस्टानं आली. मी ती घेऊन चाचांच्या खोलीवर गेले. ते दारात सायकलची चेन धूत बसले होते.

"आपलं काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

आमच्याबद्दल एका पानाच्या तळाशी बारीक टाइपात दोन ओळी होत्या. मी त्या मनात वाचल्या. शब्द थोडे मऊ करावेत असं वाटलं. पण त्यांना मऊ केलेलं ओळखू येईल, याची मला खात्री होती. म्हणून आहे तसं मराठीत सांगितलं. "स्थानिक मदतनिसाच्या निष्काळजीपणामुळे दोन्ही वस्त्यांतल्या वस्तूंच्या पहिल्या नोंदी विश्वासार्ह नव्हत्या. त्या रद्द केल्या आहेत."

"परत एकदा वाचा."

मी परत वाचलं.

"ग्लासाचं काय न्हाई? शेरडांचं?"

"नाही. कशाचंच नाही."

त्यांनी तेलाचा हात फडक्याला पुसला. "बेस लिवलंय," ते म्हणाले, आणि चेन चढवायला लागले.